निकासियाची एकोणीस पिल्ले

जून उजाडला, म्हणजे तिथला भर हिवाळा, की वायापाता या डोंगरातल्या गावचे सगळे लोक थंडीच्या कडाक्याची वाट बघतात. बटाटे माळावर पसरायचे, रात्रीच्या थंडीत ते दगडासारखे गोठले की दिवसा उन्हात अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचे. असे चार-पाच दिवस केले की चुन्यो, म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारा सुका बटाटा, तयार होतो आणि वर्षभराची चिंता मिटते. कडाका नेमका कधी पडणार, हे निकासिया कोंदोरीला विचारावे. अडुसष्ट वर्षांच्या या बाईचा अंदाज क्वचितच चुकला होता.

यंदा मात्र कुणी विचारायला आले की ती आधी चुलीकडे बघे. तिच्या स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खोक्यात कोंबडीची एकोणीस पिल्ले होती, पाच आठवड्यांची. त्यांच्या आईला कोल्ह्याने नेले होते. पंख फुटले होते, पण पोटाखाली अजून नुसती लव. रविवारी मुलगा आणि सून तान्ह्या नातीला घेऊन येणार होते. नातीची छाती नाजूक. घरात ऊब असलेली खोली ती एकच आणि तिथे पिल्लांची धूळ नको, असे नर्सने बजावले होते. खोली झाडून, सारवून सुकायला दोन दिवस तरी हवे होते.

गेल्या वर्षी तिने सोळा पिल्ले एका संध्याकाळी चुलीपासून उचलून थेट खुराड्यात ठेवली होती. सकाळी दोन उरली. ती सकाळ ती विसरली नव्हती.

म्हणून यंदा सोमवारपासून ती त्यांना भर दुपारी अंगणात नेऊ लागली. पहिल्या दिवशी भात शिजेपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. गुरुवारी तर ऊन कलेपर्यंत.

शेजारची फोर्तुनाता कुंपणावरून बघत होती. निकासियाच्या मुलाची ती बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"काय गं कोमाद्रे, शाळेत घातलीस वाटतं पोरं?"

"हो, बालवाडीत. गेल्या वर्षी एकदम कॉलेजात पाठवली होती ना!"

फोर्तुनाता हसली, पण क्षणभरच. ती मेलेली चौदा पिल्ले पुरायला खड्डा तिनेच खणला होता.

शुक्रवारी दुपारी वारा पडला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. फोर्तुनाता आली.

"आज पसरू का बटाटे? खरं सांग."

निकासियाने डोंगराकडे पाहिले. "पसर. या साली असा कडाका पुन्हा पडायचा नाही."

"आणि तुझी पोरं?"

"आजच बाहेर. उद्यावर ढकललं तर बाळ येईपर्यंत खोली ओलीच राहील."

फोर्तुनाता घरी गेली. थोड्या वेळाने आली ती पाठीवर गवताचा मोठा भारा घेऊन. बटाट्यांचा ढीग झाकायचे गवत होते ते.

"घे. माझ्या बटाट्यांना आज पांघरूण नकोय. तुझ्यांना हवंय."

दोघींनी खुराड्यात गुडघाभर गवत भरले. चुलीत तापवलेले दोन दगड जुन्या लोकरी चादरीत गुंडाळून मधोमध ठेवले आणि सूर्य बुडायच्या आत पिल्ले आत सोडली. दोन-तीन वेळा चिवचिव झाली, मग थांबली.

सकाळी माळ पांढराफटक होता. निकासिया खुराड्यापाशी उभी राहिली. आतून आवाज नव्हता. गेल्या वर्षीही नव्हता. तिने दार उघडले आणि डोळे मिटून गवतात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. मऊ, दाटीवाटीची, हलणारी ऊब. कुणीतरी तिच्या बोटाला कडकडून चोच मारली.

माळावरून फोर्तुनाता ओरडली, "काय झालं गं?"

"मेल्याने चोच मारली मला!"

"बाकीचे?"

निकासियाने पुन्हा हात घातला, सावकाश, एकेक डोके चाचपत. दोनदा मोजले.

"एकोणीस!"

"मग आता खोली झाडायला घे. ऊन चढलं की ये तुडवायला, माझ्या एकटीच्या पायांनी नाही व्हायचं!"