आधी समोरच्याची बाजू

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते आणि तोंडाची फटकळ म्हणून बदनाम आहे. दावा, पुरावा, गृहीतक, प्रतिवाद हे शब्द मी पोरांकडून घोटून घेते. नियम एकच: प्रतिवाद करायचा तर आधी समोरच्याची बाजू मांडा. तो स्वतः "हो, हेच म्हणतो मी" म्हणेपर्यंत आपलं घोडं दामटायचं नाही. पोरं वैतागतात. वैतागू देत.

गेल्या वर्षीची गोष्ट. काटोलहून रोज बसने येणारी पहिल्या वर्षाची एक मुलगी वडिलांसोबत स्टाफरूममध्ये आली. वडील संत्र्याचे बागाईतदार. त्यांच्या हातात तिचं नाव काढायचा अर्ज होता, त्यावर माझी सही हवी होती.

"काहून?" मी विचारलं.

"पोरीले इतकं शिक्षन पुरे, मॅडम. लोकं नावं ठेवून राहिले."

"हे तुमचं गृहीतक हाये, बाबा! पुरावा काय?" पोरगी कडाडली.

"मले शब्द फेकून मारतं काय वं?" बाप लालबुंद झाला.

मी भडकले, पण पोरीवर. "बापाला हाणायला शिकवले का गं मी हे शब्द? नियम काय आहे आपला?"

ती बापाकडे वळली.

"बाबा, त्या दिवशी बस बंद पडली. माझा फोनही बंद होता. तुम्ही अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभे होते. आलेल्या हरेक बसमध्ये चढून पाहिलं. मी घरी आल्यावर तुम्ही रागावले नाही, पण जेवलेही नाही. लोकांचं काही नाही, बाबा. मी परत येणार नाही, याचं भेव वाटते तुम्हाले."

बापाने खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

"हो. हेच म्हनतो मी."

माझा ऊर असा भरून आला की काय सांगू! इतक्या वर्षांत इतकी चोख मांडणी माझ्या वर्गात कोणी केली नव्हती.

"आता तुह्यं सांग," तो म्हणाला.

"मी आतापासून इथं मुलींच्या होस्टेलात राहते. रोजचा रस्ताच नाही तर भेव कशाचं? सुट्टीत तुम्हीच घ्यायले या. पण नाव काढू नका, बाबा. मले शिकायचं हाये."

त्याने अर्जाची घडी करून खिशात घातली. जाताना दाराशी थांबला.

"मॅडम, हे परीक्षेत येते काय?"

"येतं ना. दहा मार्कांना."

"लय कमी देता," तो म्हणाला, आणि पोरीची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.