तिन न्योचं बोट

"घामोळ्याला हवा लागते, आणि हवा मी विकत नाही," असं तिन न्यो एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाली होती. गिऱ्हाईक हसलं आणि पावडर न घेताच निघून गेलं. मालक ऊ साव माँग मात्र हसले नव्हते.

तगू या ऐन उन्हाळ्याच्या महिन्यात श्वेबो शहर तव्यावर ठेवल्यासारखं होतं. सावलीसुद्धा भाजते. मानेवर घामोळं उठतं, लुंगीच्या गाठीखाली नायटा धरतो. त्यावर थानाखा असतोच. सहाणेवर उगाळलेली झाडाची साल, गालांना फासलेली, पिवळी, गार. खाली काय चाललंय ते ती कुणाला दिसू देत नाही.

नवरा गेल्यापासून तिन न्यो या औषधाच्या दुकानात उभी होती. तिच्या हाताला गुण आहे, असं गाव मानायचं. मलम कुठलंही असो, पहिलं बोट तिचंच लागलं पाहिजे. बायका फळीपाशी येऊन मान पुढे करायच्या, बोट फिरलं की निम्मं दुखणं गेलं असं समजून घरी जायच्या. तिला स्वतःला हे कधी पटलं नव्हतं. पण तिने कुणाला तसं सांगितलंही नव्हतं.

फळीवर एक पांढरी बरणी होती. तिच्यातलं मलम मालक मागच्या खोलीत स्वतः कालवायचे. त्याने लाली चार दिवसांत जायची. मग लोक आणखी मागायचे, काही जणी तर थानाखात कालवून ते तोंडभर लावायच्या. या उन्हाळ्यात त्याच जणी परत येऊ लागल्या. बांगडीएवढा नायटा गळाभर पसरलेला, गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, ऊन लागलं की आग आग. तरी मागायच्या ती बरणीच. "यानेच बरं वाटतं, मावशी."

"यात स्टेरॉईड आहे. लाली झोपते, नायटा जागाच राहतो," तिन न्यो सांगायची. त्या परत येऊ लागल्यापासून तिचं बोट बरणीत गेलं नव्हतं. आणि तिचं बोट नाही म्हणताच बरणी खपेना. मालक आतल्या आत धुमसत होते.

त्या दुपारी मालकांची लेक न्हिन यी आली. सोबत तिची मुलगी फ्यू. पंख्याखालच्या बाकावर दोन-तीन बायका बसल्या होत्या.

"मावशी, परवा हिचे कान टोचायचेत. रिवाजाप्रमाणे राजकन्येसारखी सजवून मिरवणूक आहे, मुकुट आणलाय, फोटोवाला मंडालेहून येतोय. आणि गालावर हे बघा! घालवा ना एवढं."

तिन न्योने फ्यूची हनुवटी वर केली, ओल्या कापसाने थानाखा पुसला. खाली लाल वेटोळं होतं. कड उठलेली, मध्ये त्वचा स्वच्छ.

"नायटा आहे. परवापर्यंत जायचा नाही."

ऊ साव माँगनी बरणी उघडून पुढे सरकवली. "कसा जात नाही बघू. लाव."

"नाही लावणार."

"नात आहे माझी! वाईट असतं तर हिच्या गालाला लाव म्हटलं असतं का?"

"तेच तर. तुम्हाला ते खरोखर चांगलं वाटतं. म्हणून तर भीती वाटते मला."

"लावून टाका की, मावशी," बाकावरून एक जण म्हणाली. "एवढ्या उन्हात मालकांशी भांडण कशाला?"

"आधी तुझा गळा दाखव सगळ्यांना."

त्या बाईने पदरासारखा घेतलेला पंचा गळ्याभोवती घट्ट ओढला. दुसरी फिसकन हसली.

मालकांचा आवाज चढला. "माझ्या दुकानात माझंच औषध लावायचं नसेल तर इथं उभी कशाला राहतेस? बोट घाल, नाहीतर ते दार उघडंच आहे!"

तिन न्योने हाताकडे पाहिलं. या वयात तिला दुसरं कोण ठेवून घेणार? घरी गेलं की चार भिंती, आणि त्यांना कसलंच दुखणं नाही. इतकी वर्षं गावाला हे बोट हवं होतं. मालकांनाही बोटच हवं होतं. ते आपलं आहे, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

तिने मागच्या कप्प्यातून नायट्याची साधी ट्यूब काढली आणि फ्यूच्या गालावर, वेटोळ्याच्या थोडं बाहेरपर्यंत, मलम लावलं.

"सकाळ-संध्याकाळ लाव," ती न्हिन यीला म्हणाली. "दिसेनासं झालं तरी दोन आठवडे सोडू नकोस. टॉवेल वेगळा ठेव, वर थानाखा नको. कमी झालं नाही किंवा पसरलं, तर सरळ डॉक्टरकडे ने."

"आणि फोटो?"

"येऊ दे की फोटोत. कान तिचे, तसा गालही तिचाच."

"तुझ्या बोटावाचून माझं अडतंय होय!" ऊ साव माँगनी स्वतःचंच बोट बरणीत घातलं आणि ते फ्यूकडे वळले.

न्हिन यीने मुलीला मागे ओढलं. "बाबा, थांबा."

मलमाने माखलेलं बोट तसंच हवेत राहिलं. बाकावरच्या बायका आधी त्या बोटाकडे, मग तिन न्योकडे पाहू लागल्या. ती आता काहीतरी बोलेल, चांगलं झणझणीत, अशी वाट पाहत.

तिन न्योने नळाखाली साबणाने हात धुतले. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. पुसले. कोपऱ्यातली छत्री घेतली आणि ती त्या उघड्या दारातून बाहेर उन्हात गेली.