शेंदूर नसलेले धोंडे

धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या आमच्या गावाची नोंद करायला कारकून आला, तेव्हा माझ्या शेतातले तीन उभे धोंडे मी आधीच मोजून ठेवले होते. सर्वांत उंच पावणेसात हात, दुसरा पाच, तिसरा कललेला, साडेतीन. ते कोणी आणि कधी पुरले, हे माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हते. गाव वर माळावर जायचे होते. तिथे हे धोंडेही न्यावेत, एवढेच माझे मागणे होते.

कारकुनाच्या तक्त्यात घर, विहीर, झाड, देव असे रकाने होते. गाडीने वर न्यायचे ते फक्त देव.

"ह्यांना काय म्हणतात?" त्याने विचारले.

"उभे धोंडे."

"धोंडे काय, मावळात चोहीकडे आहेत. देव आहे का? शेंदूर तर दिसत नाही."

असल्या धोंड्यांना विद्वान लोक महापाषाण म्हणतात, हे मला पुढे पुण्याच्या एका पाहुण्याने सांगितले. तेव्हा तो शब्द ठाऊक असता, तरी त्याला रकाना नव्हताच.

धोंड्यांच्या सावलीला मेंढरे बसवणारा म्हातारा धनगर जवळच होता. तो हो म्हणाला असता तर काम झाले असते. मी त्याच्याकडे पाहिले.

"देव न्हाई," तो म्हणाला. "आमी हितं पाठ टेकतो, बास. देव म्हणलं की वर्साला बोकड आलं. तुमी देताय का, तात्या?"

कारकून हसला. मला खोटे सांगवेना. रकाना कोराच राहिला.

शेजाऱ्याने मात्र आदल्याच आठवड्यात धुण्याच्या दगडाला शेंदूर फासला होता. त्याची नोंद झाली.

"एक बोट शेंदूर लावायला काय झालं होतं तुम्हाला?" बायको म्हणाली.

मग मी स्वतःच चार बैल जुंपले. ओढायला बांधलेले दोन जाड दोर तुटले. तीन हात खणले तरी उंच धोंड्याचा तळ लागला नाही. लहानाला हात घालीपर्यंत पाणी बांधाला लागले होते.

वरच्या गावात धुण्याच्या दगडाला आता छप्पर आहे. सणाचा नैवेद्य तिथेच जातो. घरचा कर्ता म्हणून ताट मलाच न्यावे लागते.