पंख्याखाली शाल घेणारी मी आणि बर्फाचे राजवाडे

आज दूधवाल्याच्याही आधी आल्या त्या खडकीच्या माझ्या मैत्रीण शकीलाभाभी. चप्पल काढतानाच विचारलं, "काय ठरलं जपानचं?" तिकडे थंडीत बर्फाचे राजवाडे बांधून आत दिवे लावतात म्हणे. आम्हा दोघींना बघायचेत.

माझा मुलगा विनायक म्हणाला, "आई, पंखा दोनवर केला तरी तू शाल मागतेस."

भाभी म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसव तिला. अर्धा तास टिकली तर जाऊ दे."

तो लगेच कबूल झाला, मी टिकणार नाही या खात्रीनं.

मैत्रिणींनो, दार लागलं आणि मी एका थंडगार खोक्यावर बसले. सफरचंदं मात्र छान होती, लालबुंद. मग गुडघे ठणकायला लागले, बोटं बधिर झाली. दाराच्या काचेतून विनायक टक लावून बघत होता. हात थरथरताना दिसले असते तर जपान संपलंच. मी ते पदरात गुंडाळले आणि त्याच्याकडे बघून हसत राहिले.

अर्ध्या तासानं बाहेर आल्यावर त्यानं माझे हात धरले, बराच वेळ सोडलेच नाहीत. मग म्हणाला, "हातमोजे जाड घ्यावे लागतील."

तुमच्या घरी तुम्हाला कोण अडवतं? सांगा. भाभी गुरुवारी परत येणार आहेत, सुनेची जाकिटं घेऊन.