पाइपातला गॅस कुठून येतो

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. प्रमाणपत्र लॅमिनेट करून मोशीच्या घरात टीव्हीच्या वर लावलंय, आणि शेगडीला पाइप जोडायला आलेल्या माणसालाही आईने ते आधी वाचायला लावलं, मग स्वयंपाकघर दाखवलं.

चाकणला आमची छोटी कंपनी आहे. गिअर तापवून कडक करायचे, एवढंच काम. मेंटेनन्स माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या मागे लागून मी भट्टी डिझेलवरून पाइपच्या गॅसवर आणली. मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, "तेल भडकू दे, युद्ध पेटू दे, आपला गॅस पाइपातून येतो."

भट्टीवरचे मामा इथल्याच जुन्या गावातले. त्यांनी विचारलं, "व्हय, पर पाइपात कुठनं येतो?"

"गॅस कंपनीतून," मी म्हटलं. सगळे मामांना हसले. त्यात मीही होते.

जुना डिझेल बर्नर मामांना ठेवायचा होता. दर खंडेनवमीला ते त्याला हळदकुंकू वाहायचे. मी तो भंगाराच्या यादीत टाकला आणि खाली झोकदार सही ठोकली. डिझेलची टाकी आणि लाइन काढायला मालकांनी माणसं दिली नाहीत, म्हणून ती तेवढी राहिली.

मग आखातात युद्ध पेटलं. आधी गॅसचा दर चढला. करार काढून बघितला, तर दर कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला! ते पान मी उलटलंच नव्हतं. पाठोपाठ पत्र आलं: घरं आणि गाड्यांना गॅस आधी, कारखान्यांचा कोटा कमी. मी फळ्यावर जहाज काढून सगळ्यांना समजावलं, की आपल्याकडचा बराचसा गॅस परदेशात थंड करून, पातळ करून जहाजात भरतात.

मामा म्हणाले, "म्हंजे गॅस बोटीनं येतो."

"हो."

"आन् बोट अडाकली."

"हो, मामा."

"न्हाई, मी आपला परवा इचारलं व्हतं."

त्यांचा परवा म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा.

गुरुवारी दुपारपर्यंतच कोटा पुरणार होता. भट्टी पूर्ण गार पडली की आतल्या विटा तडकतात, आणि त्या बदलायच्या म्हणजे महिनाभर काम बंद. बुधवारपर्यंत मालक "आपली भट्टी" म्हणत होते. गुरुवारी सकाळी म्हणाले, "मॅडम, तुमच्या भट्टीचं काय करायचं?"

तेवढ्यात आईचा फोन. "अगं, बातम्यांत गॅस नाही म्हणतात, आणि आपली शेगडी तर झकास चाललीय. पुरण शिजतंय."

मामांच्या कानावर ते गेलंच. "मॅडम, गिअर डब्यात भरून देतो. आईंना म्हणावं, पुरण उतरलं की चढवा."

मी हसले नाही. रडू येईल अशी भीती होती. सरळ म्हटलं, "मामा, बर्नर विकून मी चूक केली."

मामांनी तंबाखू थुंकली आणि कँटीनच्या मागे गेले. परतले ते हातगाडी ढकलत. वर ताडपत्री, ताडपत्रीखाली बर्नर. ग्रीस लावून चकचकीत, कपाळी या वर्षीचं कुंकू.

"मग भंगारात गेलं काय?"

"कँटीनचा मोडका कूलर. गोणपाटात बांधला व्हता."

अडीच तास आम्ही दोघं भट्टीखाली घुसून होतो. पाने माझ्या हातात, सूचना मामांच्या. पहिल्या झटक्याला एवढा काळा धूर निघाला, की शेजारच्या कंपनीतली माणसं बघायला आली. मग ज्योत धरली. पंपावरून मागवून टाकीत भरलेलं डिझेलही त्याच युद्धाने महागलं होतं, पण भट्टी लाल राहिली.

मालक धावत आले. "ही आयडिया कुणाची?"

"मामांची," मी म्हटलं. "भंगाराच्या यादीवर सही मात्र माझी होती."

"त्या सहीमुळंच तर वाचला," मामा हात पुसत म्हणाले. "गेटवर वॉचमन गोणपाट सोडाया लागला व्हता. त्याला म्हनलं, इंजिनेर बाईची सही हाय, राव. मग कशाला बघतोय तो!"