बटण दाबून हात मांडीवर

मला कॉम्प्युटर सुरू करायला शिकवलं ते आमच्या दूध डेअरीतल्या मावशींनी. म्हणून आधी त्यांचं सांगते, मग बाकीचं. डेअरीत दुधाचं फॅट तपासून पावती काढायचं काम त्यांचं. वय पंचेचाळीसच्या पुढं, घरी एक गाय. ओतूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायच्या तेव्हा त्यांची मुलगी दहावीला होती आणि दोघी एकाच एसटीनं जायच्या. माझं त्यांचं नातं काही नाही. तरी त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते रक्ताचं माणूस करील की नाही, सांगता येत नाही.

मी हिंगोलीकडची. आठवीनंतर शाळा सुटली, कारण नववीचा वर्ग पुढच्या गावाला होता आणि घरचे नको म्हणाले. नवरा इथं पोल्ट्रीवर कामाला लागला, म्हणून जुन्नर तालुक्यात आले. आमच्याकडं नजर जाईल तिथवर सपाट, इथं चारी बाजूंनी डोंगर. पहिले काही महिने दिवस लवकर मावळल्यासारखा वाटायचा. डेअरीत कॅन धुवायला बाई हवी होती, ते काम मिळालं. मग एक दिवस डेअरीचे सचिव म्हणाले, "मावशीच्या जोडीला मशिनवर माणूस पायजे. महिनाभर बघू. जमलं तर तू, न्हाईतर कोर्स केल्याली पोरगी आणू. मग कॅनला बी तीच."

म्हणजे जमलं नाही तर आहे तेही काम जाणार होतं.

पहिल्याच आठवड्यात घात झाला. त्या सकाळी मावशींची गाय पान्हा सोडेना. मशिनच्या खोलीची किल्ली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "हो पुढं, मशिन चालू कर. मी आलेच."

मी जाऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, पण पडदा काळाच. आता आमच्याकडं विहिरीवर सिंगल फेजची मोटर. तिचं हिरवं बटण दाबून धरायचं. मोटरीनं पाणी उचललं की आवाज बदलतो, तेव्हा सोडायचं. नाही उचललं तर पुन्हा दाबून धरायचं. लहानपणापासून माझ्या अंगठ्याला तेवढंच माहीत. मी बटण दाबून धरलं. पंखा बंद पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा काळं, पुन्हा धरलं. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या आणि तिथंच थिजल्या. बाहेर माणसं किटल्या घेऊन जमायला लागली होती.

मावशी आल्या. माझ्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. मागोमाग सचिव आले.

"काय झालं ह्याला?"

"काल मीच नीट बंद केलं न्हवतं," मावशी म्हणाल्या. "करतंय दुरुस्ती आपलं आपण. आज पावत्या हातानं लिहू."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी वही माझ्या हातात कोंबली. "लिही. अक्षर बरं हाय तुझं."

अर्ध्या तासानं मशिन आपोआप सुरू झालं. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी मला बसवून घेतलं. वायर काढली, डब्याचं एका बाजूचं झाकण उघडलं आणि आतल्या हिरव्या पाटीवरच्या एका चिमुकल्या काळ्या चौकोनाकडं बोट केलं.

"बंद असतंय तवा ह्याला काई आठवत न्हाई बघ. दूध काय, फॅट काय, कायच न्हाई. फकस्त हितं एवढंसं लिहून ठेवलंय, की जाग आल्यावर पयलं काय करायचं. आपला शटर उघडणारा बाबा हाय ना? त्याला फॅट कळतंय?"

"नाही."

"पावती कळती?"

"नाही."

"मग काय करतो त्यो? शटर उघडतो. काटा जाग्यावर हाय का, कॅन हायेत का, लाइट हाय का बघतो. आन् मग जातो सचिवाच्या दारात हाक मारायला. सचिव येऊन खुर्चीत बसला की डेअरी चालू. तसंच हे." मग त्यांनी खालच्या चपट्या पेटीवर टिचकी मारली. "ह्यातला सचिव हितं झोपल्याला असतो. डिस्क म्हणत्यात. जुनी झालीय, उठाया येळ लागतो."

"मग मी दाबून धरत होते तेव्हा?"

"तवा?" त्या हसायलाच लागल्या. "सचिव अर्धा शर्ट घालून दारात, आन् तू मागनं शटर खाली वढलं! असं सा येळा केल्यावर कुणाचं डोकं फिरणार न्हाई?"

त्या दिवसापासून रोज दुपारी सराव. बटण एकदा दाबायचं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. माझा अंगठा वळवळला की त्या हळूच चापट मारायच्या. "बघ. ह्यो आवाज म्हंजी मोजदाद झाली. आता ही रेघ लुकलुकती, म्हंजी हाक गेली. आता गोल फिरतंय, म्हंजी सचिव येतोय. तू काय करायचं?"

"काही नाही."

"हां. त्येच अवघड हाय."

महिना भरला त्या सकाळी सचिव म्हणाले, "आज मावशी बसणार न्हाई. तू एकटी." मावशी आपली किटली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, इतरांसारख्या.

मी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळा.

"पावणं, मशिन झोपलं का काय?" रांगेतून एकजण.

"च्या पाजा त्याला!"

"दूध नासंल राव, मग च्या तरी कशाचा?"

सचिव वाकून बघायला लागले. "अगं, दाब की परत!"

अंगठा उचलला गेला. मावशींकडं पाहिलं, तर त्या वरचे पत्रे बघत होत्या. मी हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "आत तपासणी चाललीय. अजून हाक गेली नाही."

"कुणाला हाक?"

तेवढ्यात पांढरी रेघ लुकलुकली. मग गोल फिरायला लागलं, फिरतच राहिलं, आणि एकदाचं डेअरीचं नाव पडद्यावर आलं. पहिली पावती निघाली, ती फाडून मी रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात दिली.

मावशींचा नंबर आला.

"फॅट किती लागलं?"

"तीन पॉइंट सात."

"एवढंच? बघा राव, हिला शिकवलं कशापायी मी!" सगळी रांग हसली. सचिवही हसले आणि म्हणाले, "उद्यापासनं सकाळची पाळी हिची."

घरी जाताना मावशी माझ्याबरोबर चालत होत्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, मशिन आल्यापासून त्या एक रात्रही गावाबाहेर राहिल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणाला ते सुरू करता येत नव्हतं, आणि दूध काही थांबत नाही. दसऱ्याला त्यांच्या बौद्धवाड्यातली सगळी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, पांढऱ्या साड्या नेसून. मावशी दरवर्षी त्यांना डबे बांधून देतात आणि संध्याकाळच्या दुधाला डेअरीत हजर.

गेल्या दसऱ्याला दोन्ही पाळ्या माझ्या एकटीवर सोडायला सचिव तयार झाले नाहीत. यंदा पुन्हा विचारणार आहे. यंदा नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी विचारीन, त्याच्याही पुढच्या वर्षी विचारीन. मावशी, एका दसऱ्याला डबे मी बांधीन, दूध मी घेईन, तुमच्या गायीची धारसुद्धा मीच काढीन. तुम्ही गाडीत खिडकीपाशी बसायचं.