कपाटात कोंडलेला चौथा भाग

दवाखान्यातलं लोखंडी कपाट उघडलं, की गंजाच्या वासानं लातूरचं वसतिगृह आठवतं. तिथं मी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला होते आणि जेवताना मैत्रिणींना एका इंग्रजी कादंबरीमालेची गोष्ट मराठीत सांगायचे. तिची नायिका पैसे घेऊन शहरातल्या राक्षसांशी तलवारीनं लढायची. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती पुलावर एकटी घेरली गेली होती. मोठ्या मिनतवारीनं मागवलेला चौथा भाग मी उघडायच्या आतच, अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचते म्हणून, वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी त्यांच्या लोखंडी कपाटात कोंडला आणि उदगीरहून वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी मान खाली घालून माफीनामा लिहून दिला, तरी पुस्तक मिळालं नाही. बसस्टँडपर्यंत मी रागानं त्यांच्या पुढं पुढं चालत राहिले. तिथं बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "काय हाय गं त्यात एवढं?" मी सगळी गोष्ट सांगितली. उदगीरची बस लागली, तरी ते उठेनात. "मग? सुटली का न्हाई ती पुलावरून?" "मला काय माहीत! पुस्तक बाईंकडंय ना!" मी ओरडलेच. डॉक्टर झाल्यावर मी तो भाग विकत आणून वाचला. ती सुटते. पण तोवर विचारणारे वडील राहिले नव्हते, आणि बाईंवरचा माझा राग आजही काही केल्या जात नाही.